छाट

अम्मानं आधी विचारलं, तिथं दारू असते का?
असते म्हटलं, काळी. सोरा, गंधक, कोळसा.
पिणारे नसतात, ठासणारे असतात.
दिवसाला चारशे, जेवण त्यांचं.
तिनं पानाला कात्री लावली. म्हणजे जा.

अक्कलकोट रस्ता सोडून आत, बंद पडलेल्या खडीच्या खाणीत
त्यांची चांदमारी. पाचशे मीटर.
या टोकाला खंदक, खंदकात मी,
डोक्यावर लोखंडी चौकटीत कागदाचं निशाण
आणि मांडीशी खळीचा डबा.
भोक पडलं की चौकट खाली ओढायची,
काठीनं दाखवायचं कुठं लागली,
मग भोकावर कागदाचा तुकडा.
खळ तीच, कारखान्यात सुताला देतात ती.
वास घरचा, म्हणून भीती जरा कमी.

नव्या बंदुकीची गोळी आवाजाच्या पुढं पळते,
वॉकीटॉकीवाला पोरगा सांगत होता.
ह्या जुन्या ठासणीच्यांचं तसं नाही.
आधी आरशाच्या तुकड्यात धूर दिसतो,
पिंजून ठेवल्यासारखा, जाग्यावरून न हलणारा.
मग दणका.
मग, श्वास धरून बसलं तर कळेल एवढ्याशा फरकानं,
कागद फाटतो.
आधी हाक मारून
मग दारात येणाऱ्या पाहुण्यासारखी गोळी.

हत्तुरे मास्तर शेवटी बसले.
मिल बंद झाली तेव्हा विव्हिंग खात्यात होते.
बाकीचे गोळीला कागद गुंडाळतात, हे मलमल.
चरबीला शिवत नाहीत. मेण आणि शेंगतेल.
त्यावरून लोक हसतात, की मास्तरांचा बार
फोडणीसारखा वास मारतो.
माझ्यापर्यंत कधी आला नाही.
पाचशे मीटर म्हणजे पाचशे मीटर.

नऊ लागल्या. नऊ वेळा खळ.
दहाव्याला ते थांबले.
मृगजळ डावीकडं वाहत होतं, मग नुसतंच उकळायला लागलं.
धूर.
दणका.
मी श्वास धरला.

काही नाही.

चौकट ओढली. कागद तसाच.
फक्त आठव्या भोकावरचा माझा तुकडा
एका कोपऱ्यात उचकटलेला,
वाऱ्यानं, का माझ्या घाईनं,
का त्याच वाटेनं कोणी जाऊन.
बोट लावलं. ओलं लागलं.
ओल्यावरून काय कळतं?
वॉकीटॉकी खरखरली, बोल की गं.
मास्तर दोन गुणांनी मागं होते, मला ठाऊक होतं.
लाल फळी वर केली
आणि आडवी हलवली.

संध्याकाळी बांधाची माती चाळायचं कामही माझंच.
शिसं परत वितळवतात, वाया घालवत नाहीत.
बाकीच्यांच्या गोळ्या बुडाला गुळगुळीत,
मास्तरांच्या बुडावर मलमलीची वीण उमटलेली,
उभा धागा, आडवा धागा,
नखानं मोजावा असा.
अंधार होईस्तोवर चाळली.
नऊ सापडल्या.
म्हणजे मी खरं दाखवलं.
किंवा चाळणी मोठ्या भोकाची आहे.

मास्तर नळीत गरम पाणी ओतत होते,
खालून काळं पाणी, मग राखाडी, मग जरा बरं.
दहावी सुटली ना?
सुटली, मी म्हटलं.
वारं होतं, म्हणाले,
आणि गजाला चिंधी लावत
कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटले, गजाशीच.

रात्री अम्मा कट्टे बांधत होती. सगळं सांगितलं.
ती म्हणाली, आमचा शेठ हजारात साठ छाट काढतो.
चांगल्या असल्या तरी काढतो.
तुझ्या मास्तराची दहात एक.
धागा दातानं तोडला.
भात झाकलाय, जेव.

आठच दिल्या होत्या मी त्यांना.
नववी अम्माच्या कात्रीच्या डब्यात आहे,
तंबाखूच्या खाली,
वीण वरच्या अंगाला.